खुडूक कोंबडी, ऑरिओमायसिन आणि कोंडाईबारीचं तेल



जन्मभर तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस कोंबडीच्या पिलांच्या आतड्यावर बोलायला उभा राहिला, म्हणून काही जणांना हसू आलं असेल. हसा. पण हा विषय मी निवडलेला नाही, तो मला एका तरुणानं दिला. दहिवेलच्या अंगाला त्याचं पोल्ट्रीचं शेड आहे, करार पद्धतीनं पक्षी घेतो. एकदा भेटला आणि म्हणाला, "सर, आता पिलांना अँटिबायोटिक देऊ नका, ओव्याचं, दालचिनीचं तेल द्या म्हणतात. ते खरंच काम करतं, का नुसतं नाव शे?" मी म्हटलं, थोडा वेळ दे. वाचायला बसलो तर प्रश्न रसायनशास्त्रातून इतिहासात गेला, आणि इतिहास फिरून आपल्याच कोंडाईबारीच्या घाटात परत आला. तिथूनच सुरुवात करतो.

आपल्या पश्चिमेच्या डोंगरउतारावर एक गवत वाढतं. कोणी रोशा म्हणतं, कोणी तिखाडी. संस्कृतात रोहिष. चुरगाळलं की हाताला गुलाबासारखा, जरा तिखट वास येतो. आता कमी दिसतं, पण दीडशे वर्षांपूर्वी या गवताच्या तेलाचा मोठा धंदा याच पट्ट्यात होता: पिंपळनेर, नंदुरबार, शहादा, तळोदा आणि वर अक्राणी. त्या काळी आपला साक्री तालुका कागदोपत्री पिंपळनेर तालुका होता, हेही लक्षात घ्या. इंग्रजांनी १८८० साली खानदेशाचं गॅझेटिअर छापलं. त्या सुमाराच्या नोंदींत या तेलाच्या भट्टीचं इतकं बारीक वर्णन आहे की आज कोणीही तशी भट्टी लावू शकेल.

पावसाळा सरत आला, सप्टेंबरच्या सुमाराला गवत पिकायला लागलं, की तेल काढणारे कारागीर यायचे. ते बहुतेक मुसलमान होते. गवत कापून आणायचे भिल्ल, कारागीर ते विकत घ्यायचे. भट्टी लावायची ओढ्याच्या काठाला, कारण सरपणही हवं आणि वाहतं पाणीही हवं. खड्डा खणून चूल करायची, तिच्यावर तांब्याचा नाही तर लोखंडाचा मोठा हंडा, त्यात पाणी आणि तोंडापर्यंत चिरलेलं गवत. वर झाकण, आणि झाकणाच्या कडा गव्हाच्या कणकेनं लिंपलेल्या. झाकणातल्या भोकातून बांबूची नळी निघायची. तिला कापड गुंडाळलेलं, वरून उडदाच्या पिठाचा लेप, दोरीनं घट्ट आवळलेला. ती नळी दुसऱ्या हंड्यात, आणि तो हंडा गळ्यापर्यंत वाहत्या ओढ्यात बुडवलेला. वाफ तिथे थंड व्हायची, पाण्यावर तेल तरंगायचं. बांबू, कणीक, उडदाचं पीठ आणि ओढा! प्रयोगशाळेतला काचेचा कंडेन्सर याहून वेगळं काही करत नाही.

गवत कोवळं असताना, फुलोरा निळसर पांढरा असताना, त्याला मोतिया म्हणायचे. पिकून लाल झालं की सोफिया. मोतियाचा वास नाजूक, भाव जास्त. पुढे विसाव्या शतकात वनस्पतिशास्त्रज्ञांनी सांगितलं की हे एकाच गवताचे दोन वाण आहेत, वयाचा फरक नव्हे. १८७९-८० साली एकट्या नंदुरबार भागात १९७ भट्ट्या होत्या आणि त्यांतून ७१ हंड्रेडवेट तेल निघालं, म्हणजे आजच्या मापानं साडेतीन टनांच्या वर. ते कातडी बुधल्यांत भरायचं, बैलांच्या पाठीवर लादायचं, आणि कोंडाईबारी उतरून सुरतेला न्यायचं. काही माल धुळे-मनमाडवरून मुंबईला जायचा.

मुंबईत त्यात भेसळ व्हायची, ती आपली परंपरा जुनीच आहे. पुढे जहाजानं तांबड्या समुद्राची बंदरं, तिथून कॉन्स्टँटिनोपल. तिथे ते गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. बल्गेरियाचं महागडं गुलाब अत्तर म्हणून युरोपातल्या बाईनं रुमालाला जे लावलं, त्यात अक्राणीच्या डोंगरातलं गवत असू शकायचं. युरोपात त्या तेलाला नाव होतं 'तुर्की जिरेनियम तेल'. तुर्कस्तानचंही नव्हे आणि जिरेनियमचंही नव्हे. ज्यानं गवत कापलं त्याला अत्तर माहीत नाही, ज्यानं अत्तर लावलं त्याला गवत माहीत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

१८७१ मध्ये ऑस्कर याकोब्सेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं भारतातून आलेल्या अशाच गवताच्या तेलातून एक द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. ते म्हणजे जिरेनिऑल. आज सुगंधी उद्योगात आणि पशुखाद्याच्या संशोधनात जी नावं सारखी येतात, थायमॉल, कार्व्हाक्रॉल, सिनॅमाल्डिहाइड, जिरेनिऑल, त्यांतलं हे एक. आणि थायमॉल? ते आपल्या ओव्यात. नंदुरबारच्या बाजारात ओव्याच्या गोण्या तुम्ही पाहिल्या असतील. ओव्याच्या दाण्यात शेकडा दोन ते चार भाग तेल असतं आणि त्या तेलात ढोबळमानानं निम्मं थायमॉल. पहिल्या महायुद्धापर्यंत हिंदुस्थानातला ओवा जहाजानं जर्मनीला जायचा, तिथे थायमॉल निघायचं आणि औषध म्हणून जगभर विकलं जायचं. १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं आणि थायमॉल दुर्मीळ झालं, तेव्हा कुठे इंग्रज सरकारला आठवलं की कच्चा माल तर आपल्याकडेच आहे.

आता पिलाकडे येऊ.

इथे बसलेल्या पन्नाशीपुढच्या सगळ्यांनी खुडूक कोंबडी पाहिली आहे. डालग्याखाली, राखेच्या टोपलीत, अंगाची पिसं फुगवून बसलेली. जवळ गेलं की गुरगुरते. एकवीस दिवसांनी पिलं निघतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती त्यांना उकिरड्यावर घेऊन जाते. उकरते, चोच मारते, पिलं तिथेच टिपतात. दाणा टिपतात, किडा टिपतात, आणि आईची विष्ठाही टिपतात. आपल्याला ते घाण वाटतं. माझ्या आईलाही वाटायचं, ती पिलांना हाकलायची. पण अंड्यातून निघालेल्या पिलाचं आतडं जवळपास कोरं असतं. पहिल्या काही दिवसांत त्यात जंतूंची वस्ती होते, आणि थोड्याच दिवसांत आतड्याच्या टोकाच्या आंधळ्या पिशव्यांत एका ग्रॅममध्ये हजारो कोटी जंतू राहायला येतात. कोण आधी येऊन बसतं, यावर पुढचं पुष्कळ ठरतं. एसटीच्या गाडीत रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. चांगल्या जंतूंनी जागा धरली की साल्मोनेलाला उभं राहायलाही जागा मिळत नाही.

हे नीट दाखवलं फिनलंडमध्ये. १९७१ साली तिथे कोंबड्यांमध्ये साल्मोनेलाची मोठी साथ आली. एस्को नुर्मी आणि रांताला या दोघांनी एक-दोन दिवसांच्या पिलांना निरोगी मोठ्या कोंबड्याच्या आतड्यातला ऐवज पाजला, आणि मग त्यांना साल्मोनेला दिला. पिलं तरली. १९७३ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांनी ते छापलं. म्हणजे उकिरड्यावर कोंबडी जे फुकट करत होती, त्याचा शोध लागला. पण हा शोध लावावा का लागला? कारण तोपर्यंत पिलाची आईच काढून घेतलेली होती. उबवणी यंत्रात एकवीस दिवस, खोक्यात शंभर पिलं, ट्रकनं शेडमध्ये, ताज्या तुसावर, बल्बच्या उबेत. ऊब मिळाली, पाणी मिळालं, दाणा मिळाला. आईच्या आतड्यातले जंतू मात्र मिळाले नाहीत. अशा दहा हजार अनाथ पिलांच्या शेडमध्ये पहिला येणारा जंतू कोण असेल, ते नशिबावर.

त्या मोकळ्या जागेत आधी शिरलं अँटिबायोटिक, आणि शिरलं तेही चुकून. १९४८ साली अमेरिकेत लेडरली कंपनीत टॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड पिलांना बी-१२ जीवनसत्त्वाचे स्वस्त स्रोत खाऊ घालून पाहत होते. त्यांतला एक होता ऑरिओमायसिन तयार केल्यावर उरलेला चोथा. नाताळच्या दिवशी सगळे सुट्टीवर, म्हणून ज्यूक्सनं स्वतःच पिलं तोलली. चोथा खाल्लेली पिलं जास्त भरली, जीवनसत्त्वानं समजावं त्याहूनही जास्त. खरं तर दोनच वर्षं आधी, १९४६ मध्ये, विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी स्ट्रेप्टोमायसिन दिलेल्या पिलांची वाढ अधिक झाल्याचं छापलं होतं, पण त्याच्या मागे कोणी लागलं नाही. १९५१ पर्यंत अमेरिकेत खाद्यात रोज चिमूटभर अँटिबायोटिक रीतसर सुरू झालं. आजार असो वा नसो. वजनासाठी.

इथे माझा धंदा आडवा येतो, क्षमा करा. आपल्या न्यायशास्त्रात काकतालीय न्याय सांगितला आहे: कावळा बसायला आणि ताडाचं फळ पडायला एक गाठ पडली, म्हणजे कावळ्यानं फळ पाडलं असं होत नाही. कारण ठरवायचं तर अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही लागतात. ते असताना हे होतं, हा अन्वय. ते नसताना हे होत नाही, हा व्यतिरेक. औषध दिलं आणि वजन वाढलं एवढ्यावर अमेरिका थांबली. इंग्लंडमध्ये मेरी कोट्स नावाच्या बाई थांबल्या नाहीत. पन्नाशीच्या सुरुवातीलाच त्यांच्या ध्यानात आलं की नव्या कोऱ्या जागेत पिलं वाढवली तर पेनिसिलिनचा फरक पडत नाही, जुन्या, वापरलेल्या जागेत पडतो. पुढे १९६३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पूर्ण निर्जंतुक पेटीत पिलं वाढवली. आतड्यात एकही जंतू नाही. त्या पिलांवर पेनिसिलिनचा काहीच परिणाम झाला नाही, ती तशीच चांगली वाढली. साध्या जागेतल्या पिलांना मात्र फायदा झाला. म्हणजे औषध पिलाला वाढवत नव्हतं. जंतू पिलाला खेचत होते, औषध तेवढं खेचणं कमी करत होतं. व्यतिरेक म्हणतात तो हा! माझ्या वर्गात मी वर्षानुवर्षं धूर आणि अग्नीचं उदाहरण देत राहिलो, हे उदाहरण माहीत असतं तर पोरं जागी राहिली असती.

पण तोवर चिमूट चालू झाली होती आणि जंतू शिकायला लागले होते. १९५१ मध्येच कॅलिफोर्नियात स्ट्रेप्टोमायसिन खाल्लेल्या टर्कींमध्ये त्या औषधाला दाद न देणारे जंतू सापडले. १९६९ मध्ये इंग्लंडच्या स्वान समितीनं सांगितलं की माणसाची औषधं जनावरांच्या वाढीसाठी वापरू नका. स्वीडननं १९८६ मध्ये बंदी घातली. पूर्ण युरोपीय संघात १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठीचं अँटिबायोटिक बंद झालं. आपल्याकडे २०१४ मध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्रानं कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले, त्यांतल्या शेकडा ४० मध्ये अँटिबायोटिकचे अंश मिळाले. कोलिस्टिन हे अतिदक्षता विभागातलं शेवटचं हत्यार. तेही कोंबड्यांच्या खाद्यात जात होतं. केंद्र सरकारनं त्यावर जुलै २०१९ मध्ये बंदी घातली.

२००६ हे साल आपल्या भागाला वेगळ्याच कारणानं आठवतं. युरोपात बंदी लागू होऊन दीड महिना झाला होता. १८ फेब्रुवारीला जाहीर झालं की घाटाखाली, नवापूरला, बर्ड फ्लू आहे. देशातला पहिला. त्याआधी पक्षी मरत होते तेव्हा पुष्कळ पोल्ट्रीवाले म्हणत होते, ही मानमोडी आहे, राणीखेत, दर वर्षाची. भोपाळच्या प्रयोगशाळेनं दुसरंच सांगितलं. मग ते पांढरे कपडे, ते खड्डे. साक्रीच्या बाजारात तेव्हा कोणी अंड्याला हात लावत नव्हतं. २०२१ मध्ये नवापूरला तीच पाळी पुन्हा आली. हे सांगतोय ते एवढ्याचसाठी की बर्ड फ्लू विषाणूचा आहे आणि मानमोडीही विषाणूची. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही आणि ओव्याचं तेलही चालत नाही. बाटलीवर 'प्रतिकारशक्ती' असं लिहून कोणी या दोन्हींवर तेल विकत असेल, तर त्याला घाटाखालचे खड्डे दाखवा.

मग तेल कशावर चालतं? थायमॉल, कार्व्हाक्रॉल यांना चरबीची ओढ असते. जंतूच्या पेशीचं आवरण चरबीचं, त्यात ही द्रव्यं घुसतात, आवरण झिरपायला लागतं, आतले क्षार बाहेर येतात, जंतू मरतो किंवा मरगळतो. काचेच्या बशीत हे फार छान दिसतं. आतड्याला सूज आणणारा क्लॉस्ट्रिडियम मरतो, ई. कोलाय मरतो, आणि लॅक्टोबॅसिलससारखे आपल्या कामाचे जंतू तुलनेनं तग धरतात. जिरेनिऑलची गंमत तर आणखी वेगळी. काही जंतू अँटिबायोटिक आत आलं की ते पंपासारखं बाहेर फेकतात. २००९ मध्ये फ्रेंच संशोधकांनी कॉर्सिका बेटावरच्या एका झुडपाच्या तेलावर काम करताना दाखवलं की जिरेनिऑल असलं की तो पंप अडतो आणि निकामी ठरलेलं औषध पुन्हा लागू पडतं. आपल्या गवतातलं मुख्य द्रव्य तेच. १८७१ मध्ये वेगळं झालेलं.

पण बशी म्हणजे पिलू नव्हे. तोंडावाटे दिलेलं थायमॉल पिलाच्या आतड्याच्या सुरुवातीच्याच भागात शोषलं जातं. गडबड असते शेवटाला, तिथे पोचतच नाही. म्हणून कंपन्या ते चरबीच्या बारीक गोळ्यांत गुंडाळतात. खाद्याच्या गोळ्या गरम करून बनवल्या की तेल उडून जातं, पोतं नाकाला छान लागतं आणि पिलाला काही मिळत नाही. आणि शेडमधल्या चाचण्यांचे निकाल? कुठे फरक दिसतो, कुठे नाही. स्वच्छ, नव्या जागेत बहुधा नाही. गर्दीच्या, जुन्या तुसाच्या जागेत दिसतो. कोट्सबाईंची आठवण झाली का? तेल पिलाला वाढवत नाही. पिलाला जे खेचतंय ते थोडं कमी करतं. आणि 'नैसर्गिक आहे, म्हणून अपाय नाही' हे तर मला मुळीच पटत नाही. धोतराही नैसर्गिक आहे. जंतूच्या आवरणात घुसणारं द्रव्य पिलाच्या आतड्याचं अस्तर ओळखून तिथे थांबतं, असं कोणी सांगितलं? प्रमाण चुकलं की तेही सोलतं. पिलं तिखट वासाला खाद्य कमी खातात, हे वेगळंच.

म्हणून 'तेल काम करतं का' हा प्रश्नच मला अर्धा वाटतो. काय गेलं म्हणून तेल लागलं? गेली ती खुडूक कोंबडी. तिच्या जागी अँटिबायोटिक आलं, ते चालेना म्हणून आता तेल. तेलामुळे वाईट जंतू थोडे दबतील, पण चांगल्यांनी जागा धरलीच नसेल तर दबवून किती दिवस ठेवणार? नुर्मीची वाट आणि तेलाची वाट एकत्र नेली पाहिजे असं माझं मत आहे. आधी जागा धरणारे जंतू द्या, मग तेल.

हे मी त्या तरुणाला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, ते सगळं खरं. पण मला फीडमध्ये काही टाकायची परवानगीच नाही." करारात पिलं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड त्याचं, वीज त्याची, रात्रीचं जागरण त्याचं. मरतूक वाढली तर पैसे त्याचे कापतात. त्याच्या पोत्यात काय आहे? तेल आहे का, अँटिबायोटिक आहे का? त्याला ठाऊक नाही. पोत्यावर प्रथिनांचे आकडे आहेत, बाकी काही नाही. मला एकदम ते बुधले आठवले, कोंडाईबारी उतरणारे. तेव्हा गवत कापणाऱ्याला तेल कुठे जातं ते माहीत नव्हतं. आता तेल परत येत असेल तर कशातून येतं ते माहीत नाही. मी तर म्हणतो, पोत्यावर ते छापलंच पाहिजे, आणि करार करताना शेतकऱ्यानं ते मागितलंच पाहिजे.

तोवर हात बांधून बसायचं नाही, असं आमचं दोघांचं ठरलं. त्याच्या आईच्या गावठी कोंबड्या आहेत, त्यांच्यावर कंपनीचा हक्क नाही. हिशेब असा मांडला. चाचण्यांत एका टन खाद्याला शंभर-दोनशे ग्रॅम अशी द्रव्यं वापरतात. ओव्यात थायमॉल शेकडा एक-दोन भाग, म्हणजे एका टनाला साधारण दहा किलो ओवा, एका किलो खाद्याला दहा ग्रॅम. ओवा भरडून, गरम न करता, रोजचा रोज मिसळायचा. अंडी सगळी एकाच ठिकाणची घ्यायची. त्यांतली काही खुडूक कोंबड्यांखाली, बाकीची त्यानं आणलेल्या छोट्या उबवणी यंत्रात. यंत्रातल्या पिलांचे दोन भाग: एकाला साधं खाद्य, दुसऱ्याला ओव्याचं. कोंबडीखालची पिलं तिच्याबरोबर उकिरड्यावर जातील. मानमोडीची लस तिघांनाही सारखीच, एकाच दिवशी. पायाला वेगवेगळ्या रंगाचे दोरे. सातव्या, चौदाव्या आणि एकविसाव्या दिवशी वजन, आणि वजन त्यानं नाही, शेजारच्या मुलानं करायचं. कुठल्या रंगाला काय दिलंय हे त्या मुलाला सांगायचं नाही.

एका कोंबडीखाली दहा-बारा अंडी मावतात. निदान तीन कोंबड्या एकाच वेळी खुडूक हव्यात, नाही तर आकडा फार लहान पडतो. त्याच्या आईकडे सध्या दोन बसल्या आहेत. तिसरी शेजारणीची आहे, ती द्यायला तयार आहे, पण म्हणते, पिलं निघाली की निम्मी माझी.